फुलसावंगीच्या शेतातला आखूड चौथरा

नगर ते फुलसावंगी

नगरहून फुलसावंगीला हौसेनं कुणी जात नाही. जायचंच असेल तर आधी नांदेड गाठायचं, तिथून हदगाववरून उमरखेड, आणि उमरखेडच्या स्टँडबाहेर जी काळीपिवळी जीप उभी असेल तिच्यात मिळेल त्या फटीत स्वतःला कोंबायचं. गेल्या पौषात मी हे सगळं केलं. वय एकाहत्तर, कमरेला पट्टा, हातात पिशवी. निघताना लीला, म्हणजे माझी बायको, एवढंच म्हणाली, "चला, उशिरा का होईना, सुचलं तुम्हाला."

फुलसावंगीला माझी धाकटी बहीण सरोज राहायची. नर्सिंग शिकून ती तिथल्या सरकारी दवाखान्यात लागली आणि दोन वर्षांत तिथल्याच एका शेतकऱ्याशी, नामदेवरावांशी, लग्न करून मोकळी झाली. नामदेवराव हिंदू. आमचे वडील ख्रिस्ती मंडळीचे पाळक, म्हणजे चर्चचे धर्मगुरू. त्यांनी रविवारच्या उपासनेत, भर मंडळीसमोर, सरोजचं नाव घेऊन सांगितलं की ही मुलगी आमच्यातून गेली. मी पहिल्या बाकावर होतो आणि मान डोलावली होती. पुढे वडील वारले. दर नाताळला सरोजचा फोन यायचा, मी "हं, हं, ठीक" करून तो लीलाच्या हातात द्यायचो. चौतीस वर्षांत मी तिच्या घरी एकदाही गेलो नाही. रस्ता फार लांबचा आहे, असं सांगायचो. रस्ता एका दिवसाचा आहे, हे मला आता कळलं.

गेल्याच्या गेल्या कार्तिकात ती वारली. सकाळी साडेसातला नामदेवरावांचा फोन आला. "दादा, सरोज गेली. पहाटे झोपीतच. आता सांगा, तुमच्यात कसं करतात? जसं सांगसान तसं करतो."

इथे माझ्याविषयी थोडं सांगायला हवं. मी जन्मभर छापखान्यात मुद्रितशोधक होतो. चूक दिसली की माझा हात शिवशिवतो, मग ती लग्नपत्रिकेतली असो की दुकानाच्या पाटीवरची. मंडळीतही माझा तोच खाक्या. आमच्या कबरस्तानात आता जागा उरलेली नाही, एकावर एक पुरायची वेळ आली आहे. तेव्हा तरुण मंडळी म्हणू लागली की पुण्यामुंबईकडचे आपले लोक विद्युतदाहिनी वापरतात, आपणही वापरू. नवे पाळकही म्हणाले, ज्याने मातीतून माणूस घडवला त्याला राखेतून उठवणं काय अवघड आहे? तेव्हा उभा राहून तावातावानं बोलणारा मी. देह म्हणजे पेरलेलं बी, भाजलेलं बी कुणी पेरतं का, असं मी विचारलं. आणखी पुढे जाऊन म्हणालो की आग, होम, आहुती, बळी हे जुन्या लोकांचं. आमच्यासाठी शेवटचा बळी क्रूसावर एकदाच आणि कायमचा दिला गेला, त्यानंतर आगीकडे आमचं काही काम राहिलेलं नाही. म्हाताऱ्यांनी टाळ्या वाजवल्या. मी खूश होऊन खाली बसलो.

आणि अशा या माणसानं नामदेवरावांना काय सांगितलं? "आता ती तुमच्यातली. तुमच्या पद्धतीनं करा." फोन ठेवून दिला. मी काय बोललो ते मला चांगलं ठाऊक होतं. जाळा, असं मी म्हणालो होतो. रागानं म्हणालो होतो, आणि राग कसला तर चौतीस वर्षांपूर्वीचा.

मातीला गेलो नाही. वर्ष झालं तेव्हा बोलावणं आलं, तेव्हाही गेलो नाही. मग मार्गशीर्षात भाच्याचा, प्रशांतचा, फोन आला. "मामा, बाबा तुमची लय आठवण काढतात. कापूस घरी आला आता. या ना." तेव्हा कुठे मी हिय्या केला.

पैनगंगा ओलांडली की बोली बदलते. उमरखेडच्या जीपमध्ये आम्ही चौदा माणसं, वर दोन पोती सोयाबीन आणि एक सायकल. बाहेर कापूस वेचून संपलेल्या पऱ्हाट्या उभ्या होत्या आणि तुरीचे पट्टे पिवळे पडायला लागले होते. लीलानं दिलेला करंज्यांचा डबा पिशवीत होता, पिशवी पायाशी होती, आणि तिच्यावर कुणी पोतं टाकलं ते मला उतरल्यावरच समजलं.

"कोणाच्या घरी चालले बावाजी?" ड्रायव्हरनं आरशातून विचारलं.

"नामदेवरावांकडे."

"कोणते? गावात नामदेव लय हायेत."

"ज्यांची बायको दवाखान्यात होती."

"आरे बाप्पा, सिस्टरबाईच्या घरी!" तो अख्खा मागे वळला, जीप रस्त्याच्या कडेला गेली, दोघीजणी ओरडल्या. "मले त्याइनंच जन्माले घातलं. माय माही बैलबंडीत होती, पाऊस चालू, आन् सिस्टरबाई छत्री धरून आल्या."

मागून एक बाई म्हणाली, "माह्ये तिन्ही लेकरं त्याइच्याच हातचे. लय रागीट बाई, पण हात मऊ." मग जीपमध्ये सरोजच्याच गोष्टी सुरू झाल्या. कुणाला ओरडली, कुणाला पदरमोड करून दूध दिलं, कुणाच्या सासूला दवाखान्यातून हाकलून दिलं. त्यांतली एकही गोष्ट मला माहीत नव्हती.

"तुमी कोण लागता त्याइचे?" ड्रायव्हरनं विचारलं.

"ओळखीचा," मी म्हणालो. असं का म्हणालो ते विचारू नका. भाऊ म्हटलं असतं तर पुढचा प्रश्न आला असता की इतकी वर्षं कुठे होतात.

फुलसावंगी, पहिली संध्याकाळ

घर विटांचं, पुढे ओटा, ओट्यावर कापसाचा ढीग. नामदेवराव बाहेरच उभे होते. मी त्यांना फोटोतच पाहिलं होतं. उंच, वाळलेले, डोक्याला पांढरा रुमाल. त्यांनी वाकून माझ्या पायाला हात लावला. मला इतकं ओशाळल्यासारखं झालं की मी आधी त्यांच्या हातात करंज्यांचा डबाच दिला. उघडून पाहतात तो आत सगळा भुगा.

"असू द्या," असं म्हणून त्यांनी चमचा मागवला आणि उभ्याउभ्या तो भुगा खायला सुरुवात केली. "सरोज अशाच करे. खोबरं जास्ती."

घरात देव्हारा, आणि त्याच्याच शेजारी खिळ्याला सरोजचा लाकडी क्रूस. सून वैशाली हिनं देवाला दिवा लावला आणि त्याच उदबत्तीनं क्रूसालाही ओवाळलं. आमच्यात उदबत्ती नसते, हे सांगायला माझं तोंड उघडलं होतं, पण कसंबसं मिटलं. पुढे मात्र मिटवता आलं नाही.

जेवायला बसलो. ज्वारीची भाकरी, कांदा, मिरचीचा ठेचा आणि लाल तर्रीदार मटण. वास घरभर. वैशालीनं माझ्या वाटीत चांगले दोन तुकडे वाढले, तेवढ्यात प्रशांत म्हणाला, "मामा, बऱ्या दिवशी आले. आज आमच्या भाऊबंदाइचा शेतातल्या म्हसोबाचा बोकड होता."

"म्हणजे हे म्हसोबाला दाखवलेलं आहे?" मी विचारलं.

"व्हय."

मी वाटी बाजूला सारली. नुसती सारली असती तरी भागलं असतं. पण मी समजावून सांगायला लागलो. जुन्या करारातही लोक बोकड, मेंढरं, कबुतरं अर्पण करत, त्यात वाईट काही नव्हतं, त्यांना तेवढंच ठाऊक होतं. पण एकदा पूर्ण बळी दिला गेल्यावर आम्हाला पुन्हा रक्त लागत नाही आणि दुसऱ्या देवापुढचं मांस चालत नाही, वगैरे. चांगली पाच मिनिटं बोललो असेन. वैशालीच्या हातातला पळा तसाच राहिला. नामदेवरावांनी हातातला घास ताटात परत ठेवला.

"जेवा ना तुम्ही," मी म्हणालो.

"पाव्हणा उपाशी आन् मी जेवू?" ते म्हणाले. चिडले नव्हते, नुसतं सांगत होते.

वैशाली उठली, तुरीच्या ओल्या दाण्यांची, ज्याला तिकडे सोले म्हणतात, त्यांची आमटी तिनं अर्ध्या तासात केली. नामदेवरावांनीही माझ्याबरोबर आमटीच खाल्ली. आमटी फार चांगली होती, आणि मला गिळवत नव्हती.

भांडी आवरताना वैशाली मला म्हणाली, "मामाजी, राग नका मानू. आईबी लग्नानंतर पहिल्या साली अशाच ताटावरून उठल्या होत्या म्हणे. तं आजी, म्हणजे त्याइच्या सासू, त्याबी जेवल्या नाई. दुसऱ्या साली बी तसंच. तिसऱ्या साली आईनं डोळे मिटून आपली प्रार्थना केली आन् बसल्या जेवाले. मी त्याइले विचारलं होतं एकदा, तुमच्यात चालते का? तं म्हणे, विचारून खाल्लं तं नाई चालत, न विचारता चालते. मी नाई खाल्लं तं म्हातारी उपाशी राह्यते, मंग बोकडासंग म्हातारीचाबी बळी गेला ना."

सरोज म्हणाली ते शास्त्रातच आहे. अगदी पहिल्या मंडळ्यांमध्ये हाच वाद झाला होता आणि त्यांना हेच उत्तर मिळालं होतं: वाढलेलं खा, विचारत बसू नका, आणि आपल्या खाण्या-न खाण्यानं कुणाचं मन मोडू नका. त्या पानांची मुद्रितं मी तीनदा तपासली आहेत. अनुस्वार सगळे जागेवर होते.

ओट्यावर नामदेवराव तंबाखू मळत बसले होते. मी शेजारी बसलो. ते म्हणाले, "ती बिमार पडली तवा मी मरीमायले बोकड बोललो होतो. तिले समजलं तं अशी रागावली! म्हणे, माझ्यासाठी एकाचं रक्त कधीच सांडून झालंय, त्या मुक्या जिवाला कशाला मधे ओढता? मंग मी देवीपुढं जाऊन बोललेलं वापस घेतलं. भाऊबंद अजून म्हणतात, वापस घेतलं म्हणूनच गेली." मग त्यांनी विचारलं, "तुमाले काय वाटते, दादा?"

"नाही, त्यानं नाही गेली," मी म्हणालो.

"नक्की?"

"नक्की."

त्यांनी मोठा श्वास सोडला. चौदा महिने हा माणूस एवढं विचारायला माझी वाट पाहत होता. ते लक्षात येऊन मला माझीच लाज वाटली.

दुसरी सकाळ, शेत

"चला, सरोजच्या जागेवर जाऊ," सकाळी चहा झाल्यावर नामदेवराव म्हणाले. हातात झेंडूची फुलं आणि पाण्याची कॅन. थंडी मजेची होती. बांधावर पळस, खाली हरभरा, आणि शेजारच्या वावरात बायका उरलासुरला कापूस वेचत होत्या. मला वाटलं अस्थी ठेवल्या असतील एखाद्या झाडाखाली, म्हणून मी तसं विचारलं.

"अस्थी कायच्या? पुरलं ना तिले."

माझे पाय जागीच थांबले.

"तिनं सांगतलं होतं, मला जाळू नका. मंग तुमाले फोन केला तं तुमी म्हणलं, आमच्या पद्धतीनं करा. मी घोटाळ्यात पडलो. भावाचं आइकू का तिचं आइकू? शेवटी तिचं आइकलं." चालता चालता ते सांगत होते. भाऊबंद म्हणाले, दात न आलेलं लेकरू पुरतात, साधूबुवा पुरतात, धडधाकट संसारी बाई कुणी पुरतं का? अन् तेही चालत्या वावरात? कुणी खांद्याला आलं नाही. उमरखेडला एक पाळक होते, ते बदलून गेले होते. शेवटी गावातले शिवअप्पा आले. शिवअप्पा लिंगायत, सत्तरी ओलांडलेले, आणि त्यांच्यात पुरायचा रिवाज, म्हणून त्यांना माहिती. त्यांनी एकट्यानं खड्डा खणला. खांदा द्यायला चौघं: नामदेवराव, प्रशांत, अप्पा आणि एक ट्रॅक्टरवाला.

निंबाखाली चौथरा होता. शेणानं सारवलेला, वर पांढरा रंग दिलेला सागाचा क्रूस, आणि क्रूसाच्या पायथ्याशी हळदकुंकू. सवाष्ण गेली म्हणून बाया येऊन वाहतात, असं नामदेवराव म्हणाले. मला ते कुंकूही खटकलं नाही. मला दुसरंच दिसत होतं. चौथरा चौकोनी होता, जेमतेम तीन फूट.

"एवढा आखूड कसा?" मी विचारलं. "लहान मुलाचा असतो एवढा."

"बसवलं ना तिले," ते जरा अभिमानानंच म्हणाले. "मांडी घालून, तोंड उगवतीकडं, मीठ भरून. हातात तिच्या गळ्यातला क्रूस देला. तुमच्या रिवाजापरमानं सगळं."

"बसवलं? अहो, आमच्यात निजवतात!"

बोललो. तोंडातून निघून गेलं. पानावर चूक दिसली आणि मी खूण केली, तितकंच सहज. जीभ चावली, पण काय उपयोग.

नामदेवराव माझ्याकडे पाहतच राहिले. "निजवतात?" ते म्हणाले. "प्रशांत म्हणे, सिनेमात पेटी दाखवतात. पण पेटी कोण करन इथं? मुसलमान निजवतात, तेबी माईत होतं. तं अप्पा म्हणे, तो त्याइचा रिवाज. ही बाई देवापुढं बसून डोळे मिटते आमच्यासारखी, ही बसूनच जाईन. मले पटलं. मोबाइलवर पाह्याचं त्या वक्ती कोणाले सुचते, दादा?"

"बरोबर आहे. कसं सुचणार," मी म्हणालो.

पण ते ऐकत नव्हते. चौथऱ्याच्या कडेला बसले, रुमाल काढून हातात घेतला. "तिचे गुडघे," ते म्हणाले. "चार सालांपासून वाकत नव्हते. जेवाले खुर्ची, प्रार्थनेले खुर्ची. आन् तोवर दुपार झालती, आंग ताठलं होतं. अप्पा म्हणे, मी नाई हात लावत, नवरा हायेस, तू कर. मी दाबून दाबून वाकवले, दादा. एक गुडघा वाजला. प्रशांत उठून बाहेर गेला. मी तिले म्हणलं, सरोज, तुह्या देवाचं काम हाय, जरासं सोस."

मी उभाच होतो. त्यांनी वर पाहिलं.

"म्हणजे ते कराचं कामच नव्हतं?"

नव्हतं, असं म्हणायची माझी छाती झाली नाही. त्यांना जे समजायचं ते समजलं. आधी ते रडले, मोठ्यानं, तोंड न झाकता. शेजारच्या वावरातल्या बायका वेचायच्या थांबल्या. मग एकदम उठून ते खोपटीकडे गेले आणि कुदळ घेऊन आले. "काढू तिले. आताच काढू आन् निजवू. तुमी सांगा कसं, मी खंदतो."

मी त्यांचा हात धरला. वाळलेला हात, पण जोर असा की मीच ओढला गेलो. "नामदेवराव, थांबा. ऐका माझं. दोष तुमचा नाही. तुम्ही मला फोन केला होता. निजवा, एवढा एक शब्द मी सांगायला हवा होता. मला सगळं माहीत होतं. मी रागानं सांगितलं नाही. ती आम्हाला सोडून गेली त्याचा राग मी त्या दिवशी काढला, तिच्या मढ्यावर."

त्यांनी कुदळ खाली सोडली. "मले वाटलं, तुमालेबी माईत नसन," ते म्हणाले. "मी प्रशांतलेबी तसंच सांगतलं. म्हणलं, मामाले धक्का बसला, बहीण गेल्यावर माणसाले काय सुचते."

त्यांनी मला शिव्या घातल्या असत्या तर बरं झालं असतं. चौदा महिने हा माणूस आपल्या घरात माझी बाजू घेत होता. मला तिथेच रडू फुटलं. वडील गेले तेव्हाही मी असा रडलो नव्हतो.

बऱ्याच वेळानं मी त्यांना समजावलं. आमच्यात असं मानतात, मी म्हणालो, की प्रभू येईल तेव्हा मातीतले सगळे उठतील. कोण निजलं होतं, कोण बसलं होतं, हे तो विचारणार नाही. जे जळून राख झाले त्यांनाही तो सोडणार नाही.

"तुमी नगरातबी असंच सांगता?" त्यांनी विचारलं.

"नाही. आजपर्यंत उलटंच सांगत होतो."

त्यांनी रुमालानं नाक पुसलं. "आमच्याकडं आलं की लोक सुधरतात," ते म्हणाले, आणि त्यांना थोडं हसू आलं. लगेच ते विरलंही.

मातीच्या वेळी आमच्यात जे म्हणतात ते सगळं मला तोंडपाठ आहे, शंभर मयतींना ऐकलं आहे. तिथे दोन ओळीही जमल्या नाहीत. बांधाची मूठभर माती घेतली, चौथऱ्यावर टाकली आणि म्हणालो, "सरोज, मी आलो गं. माझं चुकलं." नामदेवरावांनी फुलं वाहिली. परत निघताना ते म्हणाले, "अप्पाले नका सांगू. म्हाताऱ्यानं एकट्यानं खड्डा खंदला, दिवसभर जेवला नाई."

गावात शिरतो तो शिवअप्पा देवळाच्या पारावर उन्हात बसलेले. कपाळावर विभूतीचे पट्टे, कानाला हात लावून ऐकायची सवय. नामदेवरावांनी ओळख करून दिली, सिस्टरबाईचे भाऊ. अप्पांनी मला जवळ बसवून घेतलं.

"पाह्यलं का काम? आमच्या हिशोबानं केलं आमी. बेल नाई टाकला, म्हणलं तिच्या देवाले आवडन, नाई आवडन. बराबर झालं ना?"

"अगदी बरोबर झालं, अप्पा. आमच्या माणसांनाही इतकं नीट जमलं नसतं," मी म्हणालो.

अप्पांनी समाधानानं मान हलवली. नामदेवराव दुसरीकडे पाहत होते.

निघताना

तिसऱ्या दिवशी नामदेवराव अजून राहा म्हणत होते, पण मला राहवेना. रात्रीच्या शिल्लक रश्शात वैशालीनं सकाळी भाकरी कुस्करून दिली. कुठल्या बोकडाचं, कुणाला दाखवलेलं, मी विचारलं नाही. दोनदा मागून घेतलं. तिला फार आनंद झाला. माझं मात्र घासागणिक मनात येत होतं की हे जेवण मी सरोज असताना जेवलो असतो तर तिनं स्वतः वाढलं असतं, आणि खोचून बोललीही असती.

बापलेक मला जीपपर्यंत पोचवायला आले. पिशवीत सोले, तुरीची डाळ आणि लीलासाठी चोळीचा खण. जीप भरायची होती. नामदेवराव रात्रभर झोपले नव्हते, डोळ्यांवरून दिसत होतं. ते अचानक प्रशांतला म्हणाले, "मामा उभे हायेत, त्याइच्यादेखत सांगून ठेवतो. माही जागाबी तिथंच, निंबाखाली. भाऊबंद काई म्हणतीन तं म्हणू दे. मले जाळू नको."

"बाबा, सकाळी सकाळी काय काढलं?" प्रशांत म्हणाला.

"आइकून घे. आन् निजवूबी नको. मले बसव."

"अहो नामदेवराव," मी म्हणालो, "तुम्हाला कशाला? सरोजचं ते चुकून झालं. तुम्हाला व्यवस्थित निजवता येईल."

त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं जणू मी काहीतरी अडाण्यासारखं बोललो होतो.

"ती तिथं तशी बसून हाय, दादा. मी तिच्या बाजूले पाय लांब करून झोपू?"

प्रशांतनं माझ्याकडे पाहिलं. काय करायचं ते मी सांगेन, अशी त्याची नजर होती. मी मान डोलावली आणि म्हणालो, "बसव."